दोघींना एकच पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज साहेबांनी माझ्या टेबलावर वाळूची पिशवी आणून ठेवली आणि म्हणाले, "बाई, या वाळूवर एक शाळा उभी आहे." मी मूठभर हातात घेतली. बारीक, गोल कणांची, स्वच्छ, आणि बोटांतून निसटायची घाई झालेली. शाळेच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून खिडकीपर्यंत तडा गेला आहे. मुलं दोन महिने झाले शेजारच्या सभागृहात दाटीवाटीने बसतात. खालची वाळू घट्ट झाली नाही तर इमारत पाडावी लागेल.

"सिमेंट," मी म्हणाले. यात विचार करण्यासारखं काय आहे?

साहेब म्हणाले, दुसरीही एक पद्धत तपासायची आहे. वाळूत जिवाणू सोडायचे, त्यांना युरिया आणि कॅल्शियमचं मीठ द्यायचं. मग ते कणाकणांमध्ये चुनखडी तयार करतात आणि वाळूचे कण एकमेकांना चिकटतात. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी तपासून ३१ मार्चच्या बैठकीत अहवाल द्यायचा. जिवाणूंच्या बाजूने संशोधन संस्थेतून कोण येणार, तेही सांगितलं. माझी नणंद.

मला आधी कळवायची आमच्या घरात पद्धत नाही. यांना फोन केला तर म्हणतात, "अगं हो, सांगायचं राहिलं. परवा येतेय. दोन महिने आपल्याकडेच राहील." हे शिवणयंत्रं दुरुस्त करतात. एकेका स्क्रूचा पत्ता तोंडपाठ, पण सख्खी बहीण येणार हे विसरतात.

इथे लिहून ठेवते: माती तपासायच्या या प्रयोगशाळेत मला सत्तावीस वर्षं झाली. माझ्या सहीने गेलेल्या एकाही अहवालात आजवर दुरुस्ती करावी लागलेली नाही. साहेब बदलले, दाबयंत्र बदललं, छत दोनदा बदललं. माझा आकडा बदलला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

धाकटी आली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिच्या वेण्या मीच घालायचे, म्हणून माझ्या तोंडी ती धाकटीच. आता सदतिसाची आहे, केस कापलेले आहेत, आणि जिवाणूंच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून तो डबा प्रवासभर मांडीवर घेऊन बसली होती. आईने तान्हं पोर आणावं तसं.

"विरजण सांडलं नाही ना?" मी विचारलं.

"वहिनी, आठ वर्षांचं विरजण आहे ते. नावं ठेवू नकोस," ती म्हणाली.

आठ वर्षं ती हेच करते आहे. कुंड्यांत झालं, टाक्यांत झालं, पण खऱ्या इमारतीखाली तिचं विरजण अजून कुणी घातलेलं नाही. या वेळी जमलं नाही तर संस्था तिचं काम बंद करणार. हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू बस चुकेल एवढीच गोष्ट.

प्रयोगशाळेच्या दारातून आत शिरली की ती मला "तुम्ही" म्हणते. मला ते आवडलं.

आज नियम लिहिले. माझ्या अक्षरात, एका पानावर. वाळू एकच, चाळण एकच, साचे एकाच नळीचे कापलेले, ठोकायचे घाव मोजून तेवढेच. आणि पाणी प्रयोगशाळेच्या पिंपातलं, दोघींना एकच. उद्या कुणी म्हणायला नको की भावजयीने नणंदेला पाण्यात पाहिलं.

"पाण्याचं जरा बघायचं का?" ती म्हणाली. "माझी जनावरं नाजूक आहेत."

"लाड घरी. इथे सगळ्यांना सारखं."

ती हसली आणि सही केली.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार म्हणजे पिंपाचा दिवस. दोनशे लिटरचं पिंप घासलं, भरलं, ब्लीचिंग पावडर घातली, झाकण घट्ट लावलं. डब्यावर एक चमचा लिहिलंय, मी तीन घालते. स्वच्छतेत हात आखडता घेणं मला जमत नाही. इतक्या वर्षांत या पिंपात शेवाळाचा धागा कुणाला दिसलेला नाही.

मग दोघींनी बारा-बारा साचे भरले. माझं काम दुपारपर्यंत आटोपलं: वाळू, शंभराला सहा भाग सिमेंट, पाणी, ठोकणं, ओलं फडकं. तिचं बघण्यासारखं होतं. वाळू भरून झाल्यावर वरून जिवाणूंचं पाणी, थोड्या वेळाने खाऊचं, म्हणजे युरिया-मिठाचं पाणी, आणि हे दिवसातून दोनदा, दहा दिवस. पिंपातून तांब्या भरून घ्यायचा, त्यात पुड्या विरघळवायच्या, थेंबथेंब सोडायचं. मी म्हटलं, एवढ्या सेवेत माणूस उभं राहील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिंप घासलं. साच्यातून निघालेली माझी सात दिवसांची पहिली कांडी दाबयंत्राखाली ठेवली. एकशे नव्वद किलोला तडकली, तेही कुरकुरत. अट्ठावीस दिवसांची अजून पुढे आहे. सिमेंट म्हणजे शब्दाला जागणारं माणूस. संध्याकाळी घरी मी जरा गुणगुणत होते, असं हे म्हणाले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीचे साचे उघडले. पहिला उघडला आणि वाळू साखरेसारखी सांडली. दुसरा तसाच. बाराही तसेच. तिने एकेकातली वाळू बोटाने चाचपली, बाटलीतल्या जिवाणूंचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणाली, "बाटलीत तर जिवंत आहेत."

"मी म्हटलं होतं ना" तोंडावर आलं होतं, गिळलं. खरं सांगते, वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं, आणि बरं जरा जास्त वाटलं.

जेवताना ताटाकडे बघत होती. हे म्हणाले, "पुन्हा कर." ती म्हणाली, "उद्याच भरते." अकरा वर्षांची असताना गणित चुकलं की पाटी पुसून अशीच पुन्हा बसायची.

१ मार्च, शनिवार

पिंप घासलं. तिचा दुसरा संचही गेला. या वेळी तिने जिवाणू दुप्पट घातले होते, खाऊ जपून दिला होता, खोलीची उष्णता तासातासाला लिहिली होती. साचा उघडला की वाळू ताटलीत पसरायची आणि ती बघत राहायची.

साहेब डोकावून गेले. "बाई, मग सिमेंटच समजायचं का?" मी म्हटलं, "आकडे बोलतील." धाकटीच्या समोर म्हणाले मी हे. म्हणायला नको होतं. पण आकडे बोलतच होते ना.

३ मार्च, सोमवार

आज धाकटी पिंपाचं झाकण उघडून वास घेत उभी होती. "यात काय घालतेस, वहिनी?" चक्क प्रयोगशाळेत "तू" म्हणाली. मी अभिमानाने सगळं सांगितलं: शनिवार, घासणी, तीन चमचे. डबासुद्धा दाखवला. तिने डब्यावरची सगळी अक्षरं वाचली. मग म्हणाली, "खूप स्वच्छ ठेवतेस." आणि एका छोट्या बाटलीत पिंपातलं पाणी भरून घेऊन गेली. संस्थेत माझ्या पिंपाचं कौतुक होणार असेल तर होऊ दे.

५ मार्च, बुधवार

धाकटी फार गोड वागायला लागली आहे. सकाळी चहा तिने केला. माझे चाळणी धुवायचे हातमोजे फाटले होते, नवे आणले. काल विचारत होती, "वहिनी, तुझा एकही अहवाल परत आला नाही, हे खरं ना?" मी म्हटलं, "विचार कुणालाही." ती माझ्या हातातली चाळणी घेऊन धुवायला लागली. मला वाटतं तिने मनातून हार पत्करली आहे आणि आता नातं तरी सांभाळावं असं तिला वाटतंय. मोठ्या मनाची आहे पोर.

७ मार्च, शुक्रवार

विकतच्या शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन प्रयोगशाळेत आला. कुणी आणला? यांनी. ज्यांची कंबर माझी पिठाची पिशवी उचलताना हटकून धरते, त्यांनी बहिणीसाठी दोन जिने कॅन चढवला. धाकटी म्हणाली, "प्यायला आणलाय. इथल्या पाण्याची सवय नाही मला."

तोंड धुवायला, चहाला, आंघोळीला महिनाभर सवय होती. आता नाही. आमच्या पाण्याला नावं ठेवायला बाईसाहेबांना पाचवा आठवडा उजाडावा लागला. यांना म्हटलं, "तुम्हाला तरी कळायला हवं होतं." तर म्हणे, "तुम्ही दोघी मला यात ओढू नका." आणि मशीनचं चाक फिरवत बसले.

८ मार्च, शनिवार

पिंप घासलं. माझी अट्ठावीस दिवसांची कांडी तीनशे चाळीस किलोला तडकली. साहेबांनी पाठ थोपटली. धाकटीने तिसरा संच भरला. कशाला, असं मी विचारलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

तिचा पहिला साचा उघडला आणि कांडी बाहेर आली. अख्खी, पांढुरकी, काठ शाबूत. टेबलावर ठेवली तर टक् असा आवाज झाला.

बाराच्या बारा. दाबयंत्रावर एकशे अठ्ठेचाळीस किलो. माझ्या निम्म्याहून कमी, पण शाळेला हवी त्या ताकदीच्या दुप्पट. मग तिने एका कांडीवर पाणी ओतलं आणि ते खालून हळूहळू टपकायला लागलं. माझ्या कांडीवर ओतलं तर वरच तळं साचलं. साहेब खाली वाकून बघत राहिले. शाळा उतारावर आहे, वरचं पाणी तिच्या खालून वाहतं. सिमेंटने ते अडलं तर भिंतीमागे तुंबणार, हे मलाही कळत होतं. शिवाय वाळूत सिमेंट मिसळायचं यंत्र लावलं तर तडा गेलेली भिंत हादरणार. तिचं जिवाणूंचं पाणी आपलं गुपचूप झिरपत जातं.

धाकटी रडली. मी पाठीवर हात ठेवला. पण डोक्यात एकच चाललं होतं: दोनदा साखर आणि तिसऱ्यांदा दगड, असं कसं?

१९ मार्च, बुधवार

काय बदललं याची यादी केली. वाळू तीच. साचे तेच. जिवाणू पहिल्या खेपेइतकेच. उष्णता तीच. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर गेली तेव्हा कॅनपाशी जाऊन उभी राहिले. कॅन निम्मा रिकामा, आणि जवळ पेला नाही. तिथे होतं मोजपात्र.

म्हणजे तिने नियम मोडला. माझ्या अक्षरातला, तिच्या सहीचा नियम. दोघींना एकच पाणी.

या वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. मनात आलं की नियमाचं पान साहेबांसमोर ठेवावं आणि तिसरा संच बाद करावा. मग अहवालात सिमेंट उरतं आणि माझं नाव. कुणी मला चूक म्हणू शकलं नसतं. त्या पानावर तिची सही आहेच.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "विचार की तिला, पाणी का बदललं." मी म्हटलं, "विचारून काय, तपासून बघते." कुणी सांगितलेल्या गोष्टीवर मी आजवर सही केलेली नाही.

२० मार्च, गुरुवार

धाकटीकडे जिवाणूंची एक बाटली मागितली. ती दचकली. "कशाला, वहिनी?"

"दोन नळ्या भरणार आहे. एकीत तुझ्या कॅनचं पाणी, एकीत माझ्या पिंपाचं. बाकी सगळं सारखं."

"राहू दे ना. संच झालाय आता. कशाला उगाच?"

घाबरली, असं मला वाटलं. चोरी पकडली जाणार म्हणून. मी हात पुढेच धरून ठेवला. शेवटी तिने बाटली दिली, आणि थेंब कसे सोडायचे तेही दाखवलं, माझं बोट धरून. "घाई नको. त्यांना आधी बसू दे, मग खाऊ घाल." दिवसातून दोनदा. नळ्या लहान, म्हणून आठवडा पुरेल. सुट्टीच्या दिवशीही येईन.

२३ मार्च, रविवार

थेंब सोडले. पिंपाच्या पाण्याच्या नळीला गोठ्यासारखा वास येत नाही. कॅनच्या नळीला येतो. जिवाणू युरिया खातात तेव्हा हा वास सुटतो, असं धाकटीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नाक मुरडून दोन्ही नळ्यांवर तीन तीनदा वाकले.

२७ मार्च, गुरुवार

उघडल्या. कॅनची नळी कांडी झाली. पिंपाची नळी ताटलीत सांडली.

ब्लीचिंग पावडर कशासाठी घालतात? जंतू मरावेत म्हणून. लहान पोरालाही कळेल. मी सत्तावीस वर्षं तीन तीन चमचे घालते आहे, आणि माझी नणंद जिवंत जंतू मांडीवर घेऊन आली, तर त्यांना पाजायला मी तेच पाणी दिलं. वर सही घेतली. वर न्याय म्हणून मिरवलं. सिमेंटला या पाण्याने काहीच होत नाही, आणि माझं सगळं आयुष्य सिमेंटसोबत गेलं.

तिने तीन तारखेला वास घेतला तेव्हाच तिला कळलं असणार. मग बोलली का नाही? शरमेने कान तापलेत माझे. मी त्या सांडलेल्या वाळूपाशी तासभर बसले. धाकटी दारातून दोनदा डोकावून गेली आणि आत आली नाही.

२९ मार्च, शनिवार

पिंपाचा दिवस. डबा हातात घेतला, ठेवला. मग पिंप घासलं, भरलं, एक चमचा घातला, आणि बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: जिवाणूंच्या कामाला वापरू नये. खाली तारीख आणि माझी सही.

सोमवारी बैठकीत मी स्वतः सांगणार आहे. धाकटीला आधी सांगितलं तर ती पुन्हा "राहू दे" म्हणेल. यांनाही सांगितलं नाही, पण जेवताना यांनी माझ्या ताटात न मागता भाजी वाढली.

३१ मार्च, सोमवार

अहवाल धाकटीने टाइप केला होता. बैठकीला पाच मिनिटं होती तेव्हा माझ्या हातात आला, सहीपुरता. मी सहीपुरता काहीही वाचत नाही, सगळं वाचते. चौथ्या पानावर लिहिलं होतं: "जिवाणू पद्धतीचे पहिले दोन संच बाद. कारण: जोपासना करताना माझ्याकडून झालेली चूक." आणि खाली तिची सही. पाण्याच्या रकान्यात: "तिसऱ्या संचासाठी शुद्ध पाणी वापरले, नियमभंगाची जबाबदारी माझी."

इतका राग मला सत्तावीस वर्षांत आला नव्हता. तिथेच विचारलं, सगळ्यांसमोर. "हे काय लिहिलंस?"

ती हळू म्हणाली, "वहिनी, तुमचा एकही अहवाल कधी..."

"म्हणून तू माझी चूक उचललीस?"

"माझं नाव संस्थेत आधीच खराब आहे. आणखी एका चुकीने काय होणार. तुमचं कशाला..."

साहेबांना काही कळेना. मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं. पिंप, तीन चमचे, नियमाचं पान, दोन नळ्या. नळ्यांतली वाळू बरोबर नेली होती, ती टेबलावर ठेवली, एक कांडी आणि एक ढीग. म्हटलं, "जिवाणूंत दोष नव्हता. हिच्या हातातही नव्हता. पाणी माझं होतं. नियम मोडला म्हणून तिसरा संच बाद होत असेल तर आधी नियम बाद करा, तो मी चुकीचा केला होता."

साहेब म्हणाले, "बाई, शेवटी आकडे तर बरोबर आहेत. कुणाच्या नावावर चूक आहे याने शाळेला काय फरक पडतो? राहू द्या तसंच."

"मला पडतो," मी म्हटलं. "कांड्या मी केल्या ते माझ्या नावावर, तर पाणी बिघडवलं ते दुसरीच्या नावावर कसं जाईल? माझी चूक मी कुणाला देत नाही."

पेन घेतलं. तिची ओळ सरळ रेघेने खोडली, खालची अक्षरं वाचता येतील अशी. वर लिहिलं: पहिल्या दोन संचांत प्रयोगशाळेच्या पिंपातले ब्लीचिंग पावडर घातलेले पाणी वापरले गेले, त्याने जिवाणू मेले. पावडर घालणारी आणि तेच पाणी वापरण्याचा नियम करणारी: प्रयोगशाळा तंत्रज्ञ. पुढे सही.

मग बैठक झाली. शाळेच्या खाली जिवाणू, आणि उताराच्या पायथ्याशी, जिथे पाण्याला बाजूने वाट आहे, तिथे माझं सिमेंट. पुढच्या महिन्यात काम सुरू. बाटल्या धाकटीच्या, आणि त्यांच्या पाण्याची जबाबदारी साहेब कुणाला देऊ म्हणून विचारत होते. धाकटीने माझं नाव सांगितलं. "यांच्याइतकं पाणी कुणी तपासत नाही," म्हणाली. थट्टा असावी असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

बाहेर पडताना साहेबांनी विचारलं, चौथं पान पुन्हा स्वच्छ टाइप करून घ्यायचं का. खाडाखोड बरी दिसत नाही.

मी नको म्हटलं. सत्तावीस वर्षांतली पहिली दुरुस्ती आहे, जशी आहे तशी जाऊ दे. मी पुन्हा एकदा उघडून पाहिली. अक्षर चांगलं आलं आहे.